थिएटरच्या दाराबाहेर

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

आज पुन्हा कात्री! टीना डॉक्टरने टाक्याचा धागा कापायला घेतली, दाबली, आणि धागा कापलाच नाही. पात्यांच्या मध्ये नुसता वाकला. पुन्हा दाबली. पुन्हा तेच. आमच्या युनिटचे मोठे सर्जन राहांगडाले सर मास्कच्या वरून बघत होते. "अरे, कैंची है कि चम्मच?" सगळे हसले. मीही हसले. मास्कमध्ये दिसत नाही म्हणून काय झालं, हसले तर होतेच.

मग सर म्हणाले, "डॉक्टर, उजव्या हाताने शिका. सगळी दुनिया उजव्या हाताने टाके घालते. तुमच्यासाठी टेबल उलटं करू का?"

तिने कात्री उजव्या हातात घेतली. धागा अर्धवटच कापला गेला. सरांनी कात्री काढून घेतली आणि शेजारच्या डॉक्टरला दिली.

पहिल्या वर्षाची आहे. सर्जरी शिकायला आलेल्या सहा जणांत एकटी मुलगी आणि एकटीच डावखुरी. आमगावची, वडिलांचा धानाचा व्यापार. बोलते कमी. सर्जनच्या हातात हत्यारं देता देता मला सव्वीस वर्षं झाली. आधी भंडाऱ्याला, मग इथे गोंदियात. किती डॉक्टर आले, शिकले, मोठे झाले. त्यात डावखुरं कोणीच नसेल असं कसं होईल? असतीलच. गपचूप उजवे झाले असतील.

५ ऑगस्ट, मंगळवार

घरी भाजीची कात्री डाव्या हातात धरून पाहिली. कोथिंबीर कापली जाईना! नीट निरखून पाहिलं. उजव्या हातात बोटं दाबली की पाती एकमेकांवर घासतात. डाव्या हातात तीच पाती एकमेकांपासून लांब जातात. म्हणजे पोरीचा हात वाईट नाही, कात्रीच उजवी आहे. सव्वीस वर्षं कात्र्या दिल्या आणि हे कळायला आजचा दिवस!

अर्धा तास खटपट केली. अंगठा तळहाताकडे ओढला, बोटं बाहेर रेटली — कापली. हात दुखून आला, पण कापली.

मग माझ्या लेकीची, अंजूची आठवण आली. लहानपणी ती डाव्या हाताने चमचा धरायची. मी तिच्या त्या हातात मोजा घालून ठेवत असे. सासूबाईंसमोर लाज वाटायची ना! सहा महिने मोजा. मग झाली उजवी. मी मोठी शहाणपणाची गोष्ट केली असं तेव्हा वाटलं होतं.

७ ऑगस्ट, गुरुवार

आमच्या युनिटचे ऑपरेशनचे दिवस सोमवार आणि गुरुवार. आज यादी संपल्यावर टीना डॉक्टर चहाच्या खोलीत एकटी बसली होती. मी कात्री पुढे ठेवली. "अंगठा आत ओढा, मॅडम. आत. दाबू नका."

पट्टीची चिंधी दिली. पहिल्याच झटक्यात कापली. तिने माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, तुम्हीपण डावखुऱ्या?"

"नाही हो. कोथिंबीर वाया घालवली दोन दिवस."

हसली. पहिल्यांदा हसताना पाहिलं तिला. मग एकदम बोलायलाच लागली. म्हणे, घरी आजी डाव्या हातावर प्रसाद देत नसे. शाळेत बाई पट्टी मारत. परीक्षेत पहिली आली तेव्हा मारायच्या थांबल्या. "सर्जरीला नंबर लागला तर बाबा म्हणाले, पोरगी डाव्या हाताने माणूस कापणार का? मी म्हटलं, हो. आता वाटतं, उगाच म्हटलं."

"उगाच कायले?" मी म्हटलं. माझी गावाकडची, केशोरीची बोली अशी मधेच बाहेर येते. "नीट शिकून घ्या अन् कापा."

१० ऑगस्ट, रविवार

केशोरीला जाऊन आले. सकाळच्या बसने गेले, संध्याकाळच्या बसने परत. बावीस वर्षं हेच चाललं आहे. अंजूचे बाबा तिकडे शेतावर, मी इकडे क्वार्टरमध्ये, आणि मधे रविवार. शेत सोडून ते येणार नाहीत, थिएटर सोडून मी जाणार नाही. असं कधी बोललो नाही आम्ही, पण तसंच आहे.

रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटोपली. बांधीत, भाताच्या खाचरात, पाणी भरपूर. जेवून उठताना यांनी पोटावर हात धरला. "काय झालं?" तर म्हणे, "काई नाही, गॅस." मी ओव्याची पुडी दिली.

दोन रिकामे बारदाने आणले आहेत. टीना डॉक्टरला टाके घालून शिकायला. तागाचा बारदाना शिवायला जमला की कातडी जड जात नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज मी एक गोष्ट केली. भीती वाटत होती, पण केली.

पाठीवरची चरबीची गाठ काढायची होती, छोटं काम. सर म्हणाले, टीना करेल, मी बाजूला आहे. मी ट्रॉली मांडली ती उलटी. नेहमी जे उजवीकडे ठेवते ते सगळं डावीकडे. सुई पकडीत लावली तीही उलट्या तोंडाने, तिच्या डाव्या तळहातात नीट बसेल अशी. आठ दिवस घरी चमचे आणि चिमटे मांडून सराव केला होता. शेजारची सुशिलाबाई, आमच्या थिएटरची मावशी, खिडकीतून पाहून म्हणाली, "जमुनाबाई, भांडीकुंडी खेळून राहिल्या का?"

सर आले. ट्रॉलीकडे पाहिलं. "सिस्टर, ट्रॉली उलटी का?"

"उलटी नाही, सर. डॉक्टर डाव्या आहेत."

सर दोन पळं माझ्याकडे बघत राहिले, मग टीनाकडे. "हं. चलो."

गाठ निघाली. टाके पाच. पाचही एका रेषेत! बारदान्यावर तिने किमान पाचशे घातले होते, त्यामुळे याचं मला नवल नाही. नवल हे की सर एकदाही "चम्मच" म्हणाले नाहीत.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सर आज मलाच विचारत होते: "सुईच्या पकडीची खटकी टीना डाव्या हाताने कशी सोडते हो, सिस्टर?" दाखवलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

अंजूला फोन केला. ती बालाघाटला शाळेत शिकवते. विचारलं, "तुझ्या डाव्या हातात मी मोजा घालत होते, आठवतं का गं?"

म्हणाली, "आठवतं ना. निळा होता. पण आई, कणीक मी डाव्यानेच मळते. तू नसतेस ना बघायला!" आणि खो खो हसली.

मी हसले, मग रडले. फोन ठेवल्यावर. वाईट नाही वाटलं. मोकळं वाटलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

टीना डॉक्टरने आज एका म्हातारीच्या मांडीवरचं गळू फोडून साफ केलं. म्हातारी जाताना म्हणाली, "बाई, तुमचा हात लय हलका आहे." पोरगी दिवसभर तरंगत होती. सरांनी हाक मारली तरी ऐकू गेली नाही!

१५ ऑक्टोबर, बुधवार

काल लिहायला हात उचलला नाही. आज लिहिते.

काल मंगळवार, यादीचा दिवस नाही. मी थिएटरमध्ये हत्यारं मोजत होते. नऊ वाजता बकारामचा फोन. बकाराम म्हणजे आमच्या शेताचा शेजारी. "वहिनी, दुधरामभाऊले उलट्या होऊन राहिल्या. पोट फुगलं. अन् जांघेत गोळा आला, दगडासारका."

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. "केव्हापासून?"

"दुखून तं पहाटपासून राहिलं. धानाचा भारा उचलला अन् बसलेच खाली."

"आणि गोळा?"

बकाराम घुटमळला. "गोळा तं पाच-सहा वर्षापासून आहे म्हनते."

पाच-सहा वर्षं! हर्निया. पोटाच्या भिंतीतल्या फटीतून आतडं जांघेत उतरतं. माणूस आडवा झाला की परत जातं. आणि एक दिवस जात नाही, अडकतं. मग त्याचं रक्त बंद पडतं आणि काही तासांत ते काळं होतं. हे मी दर सोमवारी, दर गुरुवारी बघते. त्याची हत्यारं मी झोपेत मांडीन. आणि माझ्याच घरात, माझ्यासमोर माणूस पोट धरून उठला, तर मी ओवा दिला!

केशोरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, सलाईन लावलं आणि लगेच १०८ च्या ॲम्ब्युलन्समध्ये बसवून दिलं. केशोरी ते गोंदिया, तेवढं अंतर. पावणेतीन तास मी काय केलं ते मला आठवत नाही. सुशिलाबाई म्हणते, मी तीनदा तीच ट्रॉली मांडली.

पावणेबाराला हे आले. चेहरा राखेसारखा. अपघात विभागात ड्युटी टीना डॉक्टरची. तिने धोतर सारलं, एकदाच हात लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सिस्टर, अडकलंय. सरांना फोन केला."

अंजूच्या बाबांनी डोळे उघडले. मला बघून नाही, तिला बघून. "बाई डॉक्टर नाही पायजे. कोनी मानूस नाही का येथी?"

"बाबा, आत्ता मीच आहे," ती म्हणाली. "सर येऊन राहिले आहेत. तोवर मला भांडा, पण हात बाजूला करा." आणि त्यांनी केला!

मग कागद आला. संमतीचा. पेशंटचं नाव. मी यांचं नाव कधी घेत नाही, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. काल लिहिलं: दुधराम कापगते, वय ५८. खाली सही, आणि सहीच्या पुढे नातं — पत्नी. सव्वीस वर्षं मी ही सही झाली की नाही एवढंच तपासत आले. सही करणाऱ्याचा हात कसा असतो ते मला काल कळलं.

सर आले. मी सवयीने हात धुवायला निघाले. सरांनी अडवलं. "सिस्टर, तुम्ही नाही."

"सर, ट्रॉली..."

"ट्रॉली दुसरी सिस्टर मांडेल. तुम्ही बाहेर बसा." मग आवाज उतरवून, "घरचा माणूस आहे तुमचा. बाहेर."

दार बंद झालं. मी बाहेर! आमची ये-जा मागच्या दाराने; या दाराच्या त्या बाजूला मी कधी उभीच राहिले नव्हते. आतून ते दार हिरवं आहे. बाहेरून राखाडी. मला माहीत नव्हतं.

बाक. लोखंडी, थंड. एका टोकाला बकाराम, गमछा तोंडात धरून. दुसऱ्या टोकाला एक बाई, दरेकशाची, सावित्रीबाई नाव. तिच्या नवऱ्याचा पाय मोडला, शेजारच्या थिएटरमध्ये त्याचं ऑपरेशन. तिने माझ्या कपड्यांकडे पाहिलं. "तुमी तं आतल्या ना? मंग बाहेर काऊन?"

"माझा माणूस आत आहे."

ती सरकली. मला जागा करून दिली. मग म्हणाली, "माजावाला सकारपासून आत आहे. कोनी काई सांगून नाही राहिलं. तुमाले मालूम असन ना, एवढा येळ लागते का?"

मला मालूम होतं. पायाच्या ऑपरेशनला लागतोच. तिला सांगितलं. तिने डोळे मिटून हात जोडले. एवढंसं वाक्य! आणि सकाळपासून ते तिला कोणी दिलं नव्हतं. मीही सव्वीस वर्षांत किती जणींना दिलं?

मला मात्र सगळं माहीत होतं, तीच माझी शिक्षा होती. आता कमरेत इंजेक्शन दिलं असेल. आता चीर. आता फट मोकळी केली असेल. घड्याळ पुढे जाईना. आता आतडं हातात. आता बाहेर यायला हवं कोणीतरी. कोणी येईना. कोणी आलं नाही म्हणजे आत काय चाललंय तेही मला माहीत.

सुशिलाबाई आली. मास्क खाली ओढून म्हणाली, "आतडं काळसर आहे. गरम पाण्याचे पॅड ठेवले. सर घड्याळ बघून राहिले."

म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. गरम पॅडखाली आतड्याचा रंग परतला तर वाचलं. नाही परतला तर तेवढं कापून जोडायचं, मग पुढचे आठ दिवस देवावर. बकाराम विचारत होता, "काय म्हनली ते?" सावित्रीबाईने माझा हात धरला. हात खरखरीत, गरम. नुसता धरून ठेवला.

किती वेळ गेला मला माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला वेळ माहीत नव्हता.

दार उघडलं. टीना. टोपी घामाने ओली. तिने तिथूनच सांगितलं, जवळ यायच्याही आधी — "सिस्टर, गुलाबी झालं!"

मी उभी राहिले. मग बसले. मग सावित्रीबाई रडायला लागली, माझ्यासाठी! माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तिच्या होतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज हे वॉर्डात बोलले. पहिलंच वाक्य: "ते पोरगी डाव्या हातानं शिवून राहिली होती."

"तुम्हाला काय माहीत?"

"कमरेखालचं सुन्न होतं, डोळे तं चालू होते ना! वर तो मोठा दिवा. त्याच्या चकचकीत काठात सारं दिसून राहिलं होतं." मग सांगू लागले. पॅड काढल्यावर सर म्हणाले, 'वापस आ गया.' मग शिवायची वेळ आली तर सर तिला म्हणाले, या बाजूने तुझा हात सरळ जातो, माझा वाकडा पडतो, तू घे. "अन् तुमचे सर नुसते धरून उभे राहिले. बारदाना शिवणारे हमाल लय पाहिले मी. पन असा टाका नाही पाहिला."

आपल्याच घरच्या बारदान्यावर ती शिकली, हे मी सांगितलं नाही. अजून नाही. मजा ठेवली आहे.

विचारलं, "मला कायले नाही सांगितलं एवढी वर्षं?"

भिंतीकडे बघत म्हणाले, "तुले सांगतलो असतो तं तू मले तुज्या लोकाइसमोर उघडं झोपवली असती."

"मग झोपलातच ना शेवटी?"

"झोपलो," म्हणाले. आणि हसायला गेले तर टाके ओढले. "हासवू नको!"

२२ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळी क्वार्टरमध्ये झाली. अंजू आली होती. यांनी सहा आठवडे वजन उचलायचं नाही, प्रवास नाही, सरांची ताकीद. धान कापायला पुतण्या देवानंद आणि बकाराम. हे दिवसातून चारदा फोन करून विचारतात, कोणत्या बांधीतलं पाणी सोडलं.

टीना डॉक्टर फराळाला आली. यांनी तिला आधी दिलं, मला नंतर. तिने करंजी डाव्या हातात घेतली आणि एकदम थांबली, उजव्यात घ्यावी की काय म्हणून. हे म्हणाले, "खा ना! त्याच हातानं मले वाचवली तू." पोरगी लाल झाली.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आज ऑपरेशन अर्ध्यावर आलं तेव्हा मी म्हटलं, "सर, बाहेर पेशंटची आई बसली आहे. कोणीतरी जाऊन सांगेल का की ठीक चाललं आहे?"

सर म्हणाले, "संपल्यावर सांगतोच ना आपण."

"संपेपर्यंत दोन तास आहेत, सर. मी त्या बाकावर बसून आले."

सरांचे हात चालू. मान न वळवता, "जो मोकळा आहे त्याने जावं. एक वाक्य. वापस."

गेला एक शिकाऊ डॉक्टर. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. म्हणे, "सिस्टर, त्या बाई माझ्या पाया पडायला लागल्या!" मी म्हटलं, बघा, चीर न देता बरं करता येतं कधी कधी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अंजूचे बाबा रोज दुपारी माझा डबा घेऊन येतात. डबा देऊन घरी जावं ना! नाही. त्या बाकावर बसतात. ज्याचं माणूस आत असेल त्याच्याशी गप्पा. "घाबरू नको, माजंबी येथीच झालं." आज सुशिलाबाई धावत आली. "जमुनाबाई, तुमचे साहेब धोतर सारून टाके दाखवून राहिले!" मी जाऊन दटावलं. ज्याला दाखवत होते तो म्हातारा मात्र हसत होता. त्याच्या पोराचं ऑपरेशन आत चाललं होतं, आणि तो हसत होता.

सरांनी पाहिलं. मला वाटलं आता रागावतात. म्हणाले, "सिस्टर, यांची ड्युटी लावून टाका."

संध्याकाळी घरी आले की चहा तयार असतो. गोड फार करतात. पिते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

फळ्यावर आजची यादी. तिसरं ऑपरेशन हर्नियाचं, ठरवून केलेलं, घाई नाही. सर्जन: डॉ. टीना. मदतीला: डॉ. राहांगडाले. सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं! टीना तीनदा येऊन वाचून गेली.

सर आत आले आणि म्हणाले, "ट्रॉली डावी मांडा, सिस्टर." आणि स्वतः समोरच्या बाजूला गेले, मदतनिसाच्या जागी. मी पकड दिली, तिच्या तळहातात बरोबर बसली. ना तिने बघितलं, ना मी. चाळीस मिनिटं कोणी कोणाला काही मागितलं नाही. असं काम वर्षातून एकदा-दोनदा होतं. थिएटरमध्ये गाणं लावत नाहीत सर, पण गाणं लागल्यासारखं होतं.

फटीवर बसवायची जाळी शिवताना एक टाका सैल पडला. तिने स्वतःच ओळखला, काढला, पुन्हा घातला. सरांचा मास्क हलला, म्हणजे हसले.

हात धुताना मला म्हणाले, नवीन पहिल्या वर्षाचे येतील, त्यांना दर सोमवारी अर्धा तास तुम्ही शिकवा. हत्यारं, ट्रॉली, आणि बाहेर जाऊन काय सांगायचं तेही. "आणि आल्या आल्या विचारा, कोण डावखुरं आहे. त्यांनी सांगायच्या आत आपण विचारायचं."

मी म्हटलं, "सर, मी नर्स. डॉक्टर ऐकतील का?"

म्हणाले, "मी ऐकलं ना."

३० नोव्हेंबर, रविवार

सहा आठवडे झाले. टीनाने यांना तपासून मोकळं केलं. "बाबा, भारा उचलायचा नाही हं!" हे आज सकाळच्या बसने गेले केशोरीला. मी बसस्टँडवर पोचवायला गेले. खिडकीतून म्हणाले, "डबा बांधून नेत जाजो. उपाशी नोको राहू."

बरं झालं. शेताची काळजी होती त्यांना. मलाही आपलं घर मोकळं लागतं. असं लिहिते आहे.

३ डिसेंबर, बुधवार

भात जास्त झाला. हात अजून दोघांचं माप घेतो. बाकावर आज कोणी गप्पा मारत नव्हतं.

७ डिसेंबर, रविवार

केशोरीला जायला पिशवी भरली, दार उघडलं — पायरीवर अंजूचे बाबा! सोबत गादीची वळकटी, दोन पोती नवे तांदूळ आणि भाडं मागत उभा असलेला ऑटोवाला.

"शेत देवानंदले ठेक्यानं देऊन टाकलो," म्हणाले. "बावीस वर्षं तू येऊन राहिली. आता मी आलो."

"किती दिवस?"

"दिवस कायले मोजतेस?"

पिशवीतलं सगळं परत काढून ठेवलं.